मोडी कागद आणि त्याचा वाचक : उपयोजित संशोधनाचा एक लहानसा प्रयत्न

(वार्षिक व्याख्यानाची संहिता)



मी साहित्याची प्राध्यापिका आहे. माझी पीएच.डी. साहित्यावरची, आणि नोकरीतील बहुतेक वर्षे वर्गात कविता-कादंबरी शिकवण्यात गेली. त्यामुळे ‘उपयोजित संशोधन’ या विषयावर मी बोलणार म्हटल्यावर माझ्याच विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी भुवई उंचावली. ते म्हणाले, “बाई, आपलं काम अर्थ लावण्याचं. हत्यारं बनवायचं काम कारखान्यातल्यांचं.” त्यांना मी तेव्हा उत्तर दिले नाही. आजचे व्याख्यान हेच माझे उत्तर आहे असे समजावे. त्याची सुरुवात मात्र माझ्या एका चुकीपासून करावी लागेल.

काही वर्षांपूर्वी एक वकील माझ्याकडे एक मोडी कागद घेऊन आले. कागद झाशीकडच्या एका मराठी घराण्याचा होता. घराणे तीन पिढ्यांपूर्वी इंदूरला आलेले. दोन भावांमध्ये जुन्या घराच्या हिश्श्यावरून बोलणी चालू होती आणि हे घरगुती वाटणीपत्र त्या बोलण्यांच्या मुळाशी होते. लिहून देणारी बाई विधवा होती. दिवंगत पतीचा उल्लेख करून तिने दोन मुलांचे हिस्से ठरवून दिले होते. अक्षर वळणदार, शाई टिकलेली. मला वाचायला अडचण आली नाही. मी देवनागरीत लिप्यंतर केले, खाली मराठीत सारांश लिहिला आणि काळ नोंदवला : कार्तिक, फसली १३१५, म्हणजे इसवी सन १९०५.

फसली सनात ५९० मिळवायचे, आणि जानेवारीनंतरचा महिना असेल तर ५९१, हे मी विद्यार्थिदशेपासून पाठ केलेले. १३१५ अधिक ५९० बरोबर १९०५. बेरीज बिनचूक होती.

पंधरा दिवसांनी वकील परत आले. म्हणाले, “मॅडम, धाकटा भाऊ म्हणतोय कागद बनावट आहे. आजोबा १९०६ मध्ये वारले. तीर्थोपाध्यायांच्या वहीत नोंद आहे. मग १९०५ मध्ये आजी विधवा कशी?”

मी कागद पुन्हा पुढे ओढला. तिथीशेजारी वार लिहिलेला होता. पहिल्या खेपेस मी तो वाचला होता, जंत्रीशी ताडून मात्र पाहिला नव्हता. आता पाहिला तर १९०५ शी तो जुळेना. मग लक्षात आले. मी मिळवलेले ५९० हे दक्षिणेकडच्या फसलीचे. उत्तर हिंदुस्थानातला फसली वेगळा. त्यात ५९२ किंवा ५९३ मिळवावे लागतात. झाशी त्या वेळी संयुक्त प्रांतात होती आणि तिथे उत्तरेकडचाच फसली चाले. म्हणजे कागद १९०७ चा. आजोबा गेल्यानंतरचा. खरा.

मी लगेच दुरुस्तीचे पत्र लिहून दिले. पण त्या पंधरा दिवसांत घरात ‘बनावट’ हा शब्द उच्चारला गेला होता. थोरल्या भावाने तो धाकट्याच्या तोंडून ऐकला होता. मी दुरुस्त केलेला आकडा त्या शब्दाला पुसू शकला नाही. दोघे भाऊ त्यानंतर बरेच दिवस एकमेकांशी बोलत नव्हते, असे वकिलांकडूनच कळले. साहित्याच्या संशोधनात दोन वर्षांची चूक झाली तर पुढच्या आवृत्तीत शुद्धिपत्र जोडता येते. इथे मधल्या काळात माणसे होती.

त्या दिवशी मी स्वतःला विचारले : मला मोडी येते, याचा नेमका अर्थ काय? मला अक्षरे येतात. पण माझ्याकडे आलेल्या माणसाला अक्षरांची गरज नव्हती. हा कागद कोणी, केव्हा, किती आणि कोणाला दिले ते त्याला हवे होते, आणि माझ्या उत्तरावर किती भरवसा ठेवावा तेही हवे होते. यातले शेवटचे मी सांगितलेच नव्हते.

मित्रहो, अशी गरज किती जणांना आहे ते पाहा. आपल्या माळव्यात, ग्वाल्हेरात, बडोद्यात, हैदराबादेत, गोव्यात आणि बेळगावच्या परिसरात घरोघरी, मठामंदिरांत, दफ्तरांत मोडी कागद पडून आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळेतून मोडी गेली आणि एका पिढीत ती लिपी घरच्यांनाच परकी झाली. पण कागदांची कामे संपली नाहीत. वकील, नोंदणी कार्यालयातले कर्मचारी, पटवारी, अभिलेखागारातले साहाय्यक, देवस्थानांचे विश्वस्त, अनुवादक अशा सगळ्यांपुढे मोडी कागद अजून येतो. महाराष्ट्रात २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी जुनी दफ्तरे मोठ्या प्रमाणावर तपासली जाऊ लागली, त्यात निजामकालीन नोंदीही होत्या. तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची टंचाई सर्वांच्या लक्षात आली. कायद्याच्या अंगाने पाहिले तर तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून पुढे आला असेल, तर त्यावरील सही व हस्ताक्षर खरे आहे असे न्यायालयाला गृहीत धरता येते. ही तरतूद पूर्वीच्या पुरावा कायद्यात कलम ९० मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती कलम ९२ मध्ये आहे. पण कागद खरा मानला गेला तरी तो काय म्हणतो, हे सांगायला वाचक लागतोच. तो वाचक चुकला तर खरा कागदही खोटे बोलतो.

या चुकीनंतर मी, विभागातील दोन सहकारी आणि काही विद्यार्थी यांनी एक काम हाती घेतले. मोडी कागदाशी कामापुरता संबंध येणाऱ्या माणसाला उपयोगी पडेल असे साधन तयार करायचे. ते कसे घडले, कुठे फसले आणि काय शिकवून गेले, तेवढेच सांगते.

पहिला प्रयत्न साफ फसला. आम्ही प्राध्यापक, आमच्या हातून पुस्तिका झाली. मोडीचा उगम, हेमाडपंतांची आख्यायिका, वर्णमाला, बाराखडी, जोडाक्षरे, सरावासाठी उतारे. सुबक पुस्तिका होती. आम्ही ती चार वकिलांना आणि नोंदणीच्या कामातील दोघांना दिली. महिन्याने विचारले, तर एकाने प्रामाणिकपणे सांगितले, “मॅडम, छान आहे. पण मला लिपी शिकायची नाहीये. समोर कागद आला की याला हात लावू की नको, कोणाकडे पाठवू, आणि परत आलेलं भाषांतर बरोबर आहे का हे कसं ओळखू, एवढं सांगा ना.”

हे वाक्य आम्ही फळ्यावर लिहून ठेवले. उपयोजित संशोधनात प्रश्न आपण ठरवत नाही, हा आम्हाला मिळालेला पहिला धडा. प्रश्न ज्याच्या कामात अडकला आहे, त्याच्या तोंडून तो ऐकावा लागतो, आणि तोही त्याच्या टेबलाशी बसून.

मग आम्ही उलट्या दिशेने निघालो. आम्ही ‘चुकांची वही’ सुरू केली. विद्यार्थ्यांच्या, आमच्या, आणि लोकांनी आणलेल्या जुन्या भाषांतरांतल्या चुका त्या वहीत उतरवायच्या; कोणाची चूक ते लिहायचे नाही, कशाची चूक एवढेच. पहिली नोंद माझी होती. वही भरत गेली तसे एक गोष्ट दिसू लागली, जिची आम्हाला कल्पना नव्हती. अक्षर न ओळखल्यामुळे झालेल्या चुका अपेक्षेपेक्षा कमी होत्या, आणि त्या लवकर सापडतही होत्या, कारण चुकीचे अक्षर बहुधा अर्थहीन शब्द देते. अक्षर बरोबर वाचूनही झालेल्या चुका सापडत नव्हत्या. त्यांतून अर्थपूर्ण, गुळगुळीत, पण खोटे वाक्य तयार होत होते.

त्यांतले काही नमुने सांगते.

पहिला नमुना उभ्या रेघांचा. जुन्या हिशेबात आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ‘७॥ बिघे’ म्हणजे साडेसात बिघे. एका जुन्या भाषांतरात हे ७११ बिघे झालेले आम्ही पाहिले. भाषांतरकाराने रेघांना एकाचे आकडे समजले होते. साडेसात बिघ्यांचा शेतकरी एका ओळीत जमीनदार झाला. गंमत अशी की त्याच दोन रेघा अक्षरापुढे आल्या की संक्षेपाची खूण होतात. ‘मौ॥’ म्हणजे मौजे, ‘प॥’ म्हणजे परगणे. आकड्यापुढे आल्या तर अर्धा, अक्षरापुढे आल्या तर ‘शब्द तोडला आहे’. हे कळायला मोडीची बाराखडी पुरत नाही.

दुसरा नमुना माणसांच्या संख्येचा. ‘राणोजी बि॥ संताजी’ म्हणजे राणोजी बिन संताजी, संताजीचा मुलगा राणोजी. घाईत हा संक्षेप ‘व’ म्हणून वाचला की एका माणसाची दोन माणसे होतात. हिश्श्याच्या कागदात याचा अर्थ काय होतो, ते वकिलांना सांगायला नको. शिवाय मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हे नसतात, शिरोरेघ आधी ओळभर ओढलेली असते. शब्द कुठे तोडायचा हे वाचकच ठरवतो, आणि आपण ते ठरवले आहे हे तो विसरतो.

तिसरा नमुना कालगणनेचा, माझा स्वतःचा. शक, संवत, राज्याभिषेक शक, सुहूर सन, दोन प्रकारचे फसली, हिजरी. कागदावर नुसते ‘सन’ लिहिलेले असते; कोणता ते वाचकाने ओळखायचे. सुहूर सन तर अरबी संख्याशब्दांत येतो : इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा. ‘छ ९ जमादिलाखर’ यातला ‘छ’ पुढचा आकडा चांद्र महिन्याचा दिवस असतो; नवख्या वाचकाला तो निरर्थक फराटा वाटतो आणि तो गाळून टाकतो. म्हणजे नेमका दिवस सांगणारी खूणच नाहीशी होते.

या वहीतून शेवटी जे साधन तयार झाले ते एका कागदाच्या दोन बाजूंत मावते. आम्ही त्याला ‘ताडणीपट’ म्हणतो. त्यात बाराखडी नाही.

समोरच्या बाजूला सहा प्रश्न आहेत, आणि ते याच क्रमाने विचारायचे आहेत. कागद कुठून आला आणि इतकी वर्षे कोणाकडे होता? कागद कसला आहे. पत्र, हिशेब, वाटणी, खरेदी, की नक्कल? काळ कोणत्या सनात लिहिला आहे, आणि कागद कोणत्या प्रदेशातला आहे? तिथी व वार दोन्ही असतील तर ते जंत्रीत एकमेकांशी जुळतात का? आकड्यांपुढच्या रेघा रेघा म्हणून वाचल्या आहेत की आकडे म्हणून, आणि रकमांची बेरीज कागदावरच्या बेरजेशी मिळते का? माणसे किती आहेत, आणि ‘बिन’, ‘वलद’, ‘व’ ही नातेदर्शक चिन्हे प्रत्येक नावापुढे दाखवली आहेत का?

मोडीचे एकही अक्षर न येणारा वकील हे सहाही प्रश्न भाषांतरकाराला विचारू शकतो. पटाचा खरा उपयोग इथेच आहे. वाचणारा एक आणि वापरणारा दुसरा. दोघांमध्ये विश्वासाखेरीज काहीतरी तपासण्याजोगे हवे होते, ते या प्रश्नांनी दिले.

मागच्या बाजूला सनांचे कोष्टक, अरबी संख्याशब्द, नेहमीचे संक्षेप आणि अपूर्णांकांच्या खुणा आहेत. प्रत्येक सनापुढे एक ‘ठोका’ दिला आहे, म्हणजे सर्वांना ठाऊक असलेली एक तारीख. सुहूर सनात ५९९ मिळवायचे की ६०० याचा गोंधळ झाला, तर पानिपत आठवावे. १४ जानेवारी १७६१ हा दिवस सुहूर सन ११६१ मध्ये, ‘इहिदे सितैन मया व अलफ’ मध्ये येतो. म्हणजे जानेवारीत ६०० मिळवले. सुहूर वर्ष मृगापासून बदलते. तेव्हा मृगानंतर डिसेंबरअखेरपर्यंत ५९९, आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. सूत्र विसरते, पानिपत विसरत नाही.

तळाशी एक चौकट आहे : ‘शंका’. लिप्यंतर करणाऱ्याने जे शब्द खात्रीने लागले नाहीत ते तिथे लिहायचे, प्रत्येकापुढे दोन संभाव्य वाचने द्यायची. चौकट रिकामी ठेवायची असेल तर ‘शंका नाही’ असे लिहून सही करायची. सुरुवातीला आमच्याच विद्यार्थ्यांना हे आवडले नाही. शंका लिहिणे म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करणे, असे त्यांना वाटे. मग आम्ही एकच कागद दोघांना वेगवेगळा वाचायला देऊ लागलो आणि दोन्ही वाचने शेजारी ठेवू लागलो. जिथे ती वेगळी निघाली, तिथे शंका आपोआप उभी राहिली. ती लिहिण्याची लाज पुढे कमी झाली.

आता या साधनाच्या मर्यादा. पट हातात असलेला माणूस कधी कधी नको इतका निर्धास्त होतो, हे आम्ही पाहिले. एकाने सहा प्रश्नांवर सहा बरोबरच्या खुणा केल्या आणि कागद नक्कल आहे, मूळ नव्हे, हे त्याच्या लक्षातच आले नाही. ‘कागद कसला आहे’ यापुढे त्याने नुसती खूण केली होती, उत्तर लिहिले नव्हते. तेव्हापासून खुणेची जागा काढून टाकली. आता प्रत्येक प्रश्नाचे उत्तर शब्दांत लिहावे लागते. बिघ्याचे माप प्रदेशागणिक बदलते, म्हणून बिघ्याचे एकरांत रूपांतर पटावर दिलेले नाही. ते ज्या गावचे त्या गावच्या जुन्या नोंदींवरूनच करावे. आणि कागद कायद्याने टिकेल का, हे पट सांगत नाही. ते आमचे काम नाही.

काही विद्यार्थी विचारतात, यंत्रेच मोडी वाचू लागली तर या सगळ्याची गरज काय? मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले, आणि मोडीचे देवनागरीत आपोआप लिप्यंतर करणाऱ्या प्रारूपांवर आयआयटी रुडकीसारख्या संस्थेत काम झाले आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. ढिगांनी पडलेली दफ्तरे माणसांच्या हातून वाचून संपणार नाहीत. पण आमच्या वहीने जे शिकवले ते यंत्रालाही लागू आहे. अक्षरे बरोबर लागली तरी फसली कोणता हे अक्षरांत लिहिलेले नसते. यंत्राच्या वाचनालाही तेच सहा प्रश्न विचारावे लागतील, किंबहुना अधिक काटेकोरपणे, कारण यंत्र आपण होऊन शंकेची चौकट भरत नाही.

शेवटी माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या वाक्याकडे येते. हत्यारे बनवणे हे आपले काम नाही, असे ते म्हणाले. मराठीचा इतिहास मात्र दुसरे काही सांगतो. शिवाजी महाराजांच्या काळात तयार झालेला राजव्यवहारकोश हे कारकुनांच्या आणि मुत्सद्द्यांच्या कामाचे साधन होते. मोल्सवर्थचा १८३१ चा आणि सुधारलेला १८५७ चा कोश परक्या अधिकाऱ्यांना मराठी कळावी म्हणून झाला. आज तोच आपल्याला आपले हरवलेले शब्द परत देतो. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ निघाला तो कचेरीतल्या माणसाला इंग्रजी शब्दासाठी आपल्या भाषेतला शब्द हाताशी असावा म्हणून. ग. ह. खरे यांच्यासारख्या थोर संशोधकाने ‘संशोधकाचा मित्र’ लिहिले; नावातच त्याचा हेतू आहे. आपण ज्यांना विद्वान म्हणतो त्यांनी कोश, जंत्र्या, शकावल्या, सूच्या करण्यात आयुष्ये घालवली. त्यांना ते काम हलके वाटले नाही. ते हलके आहे, असे आपण विद्यापीठांतल्या मंडळींनी नंतर ठरवले.

म्हणून अकादमीपुढे तीन साध्या सूचना ठेवते. पहिली, महाराष्ट्राबाहेरच्या प्रत्येक मराठी केंद्राने आपल्या प्रदेशापुरता ताडणीपट तयार करावा. इंदूरचा पट गोव्याला जसाच्या तसा चालणार नाही. तिथली मापे, नाणी, गावकारीच्या नोंदी वेगळ्या आहेत. बेळगावच्या पटाला कन्नड जाणणारा सहकारी लागेल, हैदराबादच्या पटाला उर्दू-फारसी जाणणारा. दुसरी, चुकांची वही सर्वांची एक असावी. आपण बरोबर वाचलेले कागद छापतो. चुकीचे वाचलेले लपवतो. पुढच्या वाचकाला खरी मदत दुसऱ्या प्रकाराची होते. तिसरी, मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात एका सत्रापुरते तरी विद्यार्थ्याला अभिलेखागारात किंवा एखाद्या वकिलाच्या कचेरीत बसू द्यावे. त्याला नोकरी मिळेल की नाही, मी सांगू शकत नाही. पण आपल्या भाषेची कोणाला तरी आज दुपारी, अमुक वाजेपर्यंत गरज आहे, हे त्याला एकदा दिसावे.

मागच्या वर्षी तेच वकील पुन्हा आले होते. या वेळी कागद दुसऱ्या कोणाचा तरी होता. मी लिप्यंतर करून दिले. त्यांनी ते वाचले, खिशातून घडी घातलेला ताडणीपट काढला आणि शांतपणे विचारले, “मॅडम, फसली कोणता धरलात? आणि वार जुळवून पाहिला का?”

पाहिला होता. तरीही ते म्हणाले, “पुन्हा एकदा पाहू या का?” आम्ही दोघांनी मिळून जंत्री उघडली.